कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स (अमेरिका)

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्या एकमेकींशी नियमित मॅचेस खेळण्यासाठी जो गट करतात त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्याकडे कॉन्फरन्स म्हटलं की बॅनर, भाषणं आणि चहा-बिस्किटं आठवतात, त्याचा इथे काही संबंध नाही. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत वेस्ट झोन, साउथ झोन असतात आणि कोण कुठल्या झोनमध्ये हे नकाशाच ठरवतो. तिकडे मात्र आधीच्या मेंबरांनी मत देऊन आत घ्यावं लागतं आणि सोडून जायचं तर बहुतेक ठिकाणी एक्झिट फी मोजावी लागते. एकत्र कुटुंबच म्हणा, कमाई एका डब्यात आणि वाटणीवरून कुरबुरी.

कामं तशी साधी. वेळापत्रक लावणं, रेफरी देणं, चॅम्पियनशिप भरवणं. बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी देशभरची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत थेट एंट्री मिळते, म्हणून लहान कॉलेजांना तर कॉन्फरन्सशिवाय गत्यंतर नाही. पण खरी गोम टीव्हीच्या पैशात आहे. १९८४ पर्यंत फुटबॉलच्या (इथे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल) कोणाच्या किती मॅच टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए ठरवायची, त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये ती मक्तेदारी मोडली आणि मग हळूहळू कॉन्फरन्सेस स्वतःच हक्क विकायला लागल्या. बिग टेन या कॉन्फरन्सचा २०२३ पासूनचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे, फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही टीव्ही कंपन्यांबरोबर. तेव्हा तुमची टीम कितीही चांगली खेळो, शेजारी कोण बसलंय त्यावर चेकचा आकडा ठरतो.

बिग टेन ही मोठ्यांमधली सगळ्यात जुनी. १८९५ मध्ये काही युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट शिकागोत भेटले, १८९६ मध्ये सात जणांची कॉन्फरन्स उभी राहिली, आणि तेव्हाची मोठी काळजी ही की मैदानावर उतरणारा पोरगा खरोखर विद्यार्थी असावा, भाड्याने आणलेला पैलवान नसावा. आता तिच्यात १८ मेंबर आहेत आणि नाव अजून टेनच, बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये १६ आहेत, मोजायला गेलात तर फसाल. बिग टेनला अभ्यासाचीही बाजू आहे, मेंबर युनिव्हर्सिट्या लायब्ररीतली पुस्तकं एकमेकींना देतात, संशोधनात एकत्र येतात. शिकागो युनिव्हर्सिटीने १९४६ मध्ये खेळातून अंग काढून घेतलं तरी या शैक्षणिक गटात ती २०१६ पर्यंत होती. नेब्रास्काची गंमत तर वेगळीच, बिग टेनने त्यांना घेतलं तेव्हा ते मोठ्या संशोधन-विद्यापीठांच्या एएयू या संघटनेत होते, आणि २०११ मध्ये प्रत्यक्ष दाखल होण्याच्या थोडं आधी त्या संघटनेने त्यांना मतदानाने बाहेर काढलं.

सगळेच या शर्यतीत नाहीत. हार्वर्ड, येल वगैरेंची आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही. नोत्र दाम युनिव्हर्सिटी फुटबॉल एकट्याने खेळते, बाकी बहुतेक खेळांपुरती एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स), म्हणजे मुलगा वेगळा राहतो पण जेवायला घरी येतो तसं.

पैशाची दुसरी बाजू प्रवासाची. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची यूसीएलए बिग टेनमध्ये आली आणि त्याच सीझनला न्यू जर्सीत रटगर्सशी फुटबॉल खेळायला गेली, अंतर सुमारे ४००० किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात, पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींना आठवड्यात दोन-तीन मॅचेस असतात आणि वर परीक्षा. रटगर्सला मराठी घरांतली मुलंही बरीच जातात, त्यांच्या फीतला काही भाग अ‍ॅथलेटिक्सकडे वळतो, मग पोराने आयुष्यात बॉलला हात लावलेला नसला तरी.

आता पॅक-१२ ही कॉन्फरन्स. १९१५ पासूनचं हे पश्चिम किनाऱ्याचं घर. ३० जून २०२२ ला यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, हीही लॉस एंजेलिसचीच) आणि यूसीएलएने बिग टेनला जातो म्हणून जाहीर केलं, म्हणजे लॉस एंजेलिसचं मार्केटच गेलं. पुढच्या वर्षी उरलेल्यांना अ‍ॅपलच्या स्ट्रीमिंगची ऑफर आली, पैसे सबस्क्राइबर किती मिळतात त्यावर, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला सह्या व्हायच्या ऐवजी ओरेगन आणि वॉशिंग्टन उठून बिग टेनला गेले, त्याच दिवशी अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हला गेले, कोलोराडो आधीच गेलं होतं. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून निघाले ते अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये, तेही सुरुवातीची काही वर्षं कमी वाटा घेऊन. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी व्यवस्थेतल्या, म्हणून रीजेंट्सनी, म्हणजे त्या व्यवस्थेच्या नियामक मंडळाने, यूसीएलएला बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले, आणि लोक त्याला चेष्टेने पोटगीच म्हणायला लागले.

उरल्या दोन, कॉर्व्हॅलिसची ओरेगन स्टेट आणि गव्हाच्या टेकड्यांमधल्या पुलमनची वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावं, टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने काही नाही. त्या दोघी कोर्टात गेल्या, पॅक-१२ च्या बोर्डाचा ताबा मिळवला, म्हणजे नाव आणि तिजोरी यांच्याकडे आणि खेळायला समोर कोणी नाही. एनसीएएच्या नियमाने वरच्या श्रेणीच्या फुटबॉलसाठी कॉन्फरन्सला किमान आठ मेंबर लागतात, दोन वर्षांची सवलत मिळाली, तेवढ्यात बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, गोंझागा वगैरेंना २०२६ पासून यायला राजी केलं. मधल्या काळात मॅचेस उधार-उसनवारीवर. २०२५ च्या फुटबॉल सीझनमध्ये तर दोघी एकमेकींशीच दोनदा खेळल्या, १ नोव्हेंबरला कॉर्व्हॅलिसमध्ये आणि २९ ला पुलमनमध्ये, आणि दोघींनी आपापलं घरचं मैदान राखलं.