स्वयंपाकघराचा ओटा : घरच्या घरी कापणे व बसवणे

ओटा म्हणजे उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी भिंतीलगत उभारलेला आणि वर सपाट फरशी टाकलेला दगडी कट्टा. सोलापूर भागात ‘ओटा’ आणि ‘कट्टा’ हे दोन्ही शब्द चालतात. शहरातल्या कन्नड घरांत याला ‘कट्टे’ म्हणतात, तेलुगू घरांत ‘गट्टू’. ओट्याचे काम फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीकडे देण्याचीच रीत आहे. मात्र कटर मशीन आणि डायमंड ब्लेड साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळू लागल्यापासून हाताला कामाची सवय असलेली माणसे आपल्या घरचा ओटा आपणच कापून बसवू शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात दगड कापणे अवघड वाटते. खरी कसोटी लागते ती माप, पाया आणि उंची यांत. फरशी चुकीची कापली गेली तर दुसरी आणता येते, पण चार बोटे उंच झालेला ओटा घरातली बाई पुढची वीस वर्षे खांद्यात सोसते.

जुन्या माळवदी घरांत स्वयंपाक बसूनच होत असे. मातीची चूल, शेजारी वैल, समोर काटवट आणि मागे उतरंड, सगळे हाताच्या टप्प्यात. रॉकेलचा स्टोव्ह आणि पुढे गॅस आला तशी शेगडी जमिनीवरून वर चढली आणि तिच्यासाठी कट्टा बांधला जाऊ लागला. भाकरी मात्र तीच राहिली. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे पीठ मळायचे आणि तळहाताने दाबत, फिरवत थापायचे, तर अंगाचा भार वरून खाली यावा लागतो. म्हणून भाकरी करणाऱ्या घरातल्या ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नये. बाईला अनवाणी, ताठ उभे करावे, कोपर काटकोनात वाकवायला सांगावे, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरावा आणि त्यातून चार ते पाच इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर सुमारे ३७ ते ३८ इंचांवर येते, म्हणजे तिचा ओटा ३३ इंचांच्या आसपास हवा. बाजारात सर्रास ३२ ते ३४ इंच सांगतात ते याच हिशोबाने, पण घरातली बाई पाच फूट सहा इंचांची असेल तर तो हिशोब तिच्या कामाचा नाही. गॅसची शेगडी ओट्यावर आणखी पाच-सहा इंच उंची घेते आणि तिच्यावर पातेले चढते. जागा असेल तर शेगडीपुरता भाग चार इंच खाली घ्यावा. त्यासाठी फरशीला एक जादा सांधा येतो, तो पत्करावा. ओट्याची रुंदी बहुधा २४ इंच ठेवतात. त्याहून जास्त ठेवली तर मागच्या भिंतीवरची फळी हाताला येत नाही.

दगड

सोलापूरच्या पायाखाली दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण आहे. लाव्हा थिजून झालेला हा दगड चिवट असतो, पण त्याच्या सहजासहजी पातळ लाद्या निघत नाहीत. त्यामुळे त्याचे जाते, पाटा-वरवंटा, उखळ आणि घराची जोती झाली. ओट्याची फरशी बाहेरून आली. सर्वांत जवळची ती शहाबादी. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातले गाव, भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात वसलेले. तिथला दगड थरांत असतो आणि त्या थरांवरच सुटतो, म्हणून करवतीशिवायही त्याच्या लाद्या काढता येत. १८६० मध्ये सोलापूरला पोचलेली रेल्वे १८७१ पर्यंत शहाबादवरून पुढे रायचूरला गेली. एकाच रुळावरची ही दोन गावे आहेत, त्यामुळे सोलापूरच्या चाळी, वाडे आणि अंगणे शहाबादीने भरलेली दिसतात यात नवल नाही.

दुसरा दगड कडप्पा. हा काळसर, आंध्रातल्या कडपा-कर्नूल पट्ट्यातून येतो आणि तोही चुनखडीचाच. ओट्याचे उभे पाय, आडवे कप्पे आणि खालचा आधार यासाठी त्याला तोड नाही, कारण तो स्वस्त असतो, एकसारख्या जाडीत मिळतो आणि ओलीला भीत नाही. तिसरा ग्रॅनाइट. इलकलचा तांबूस, ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा चांदण्या चमकणारा काळा, शिवाय राजस्थानातून येणारे कितीतरी रंग.

चुनखडी आणि ग्रॅनाइट यांतला फरक स्वयंपाकघरात फार लवकर कळतो. चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, टोमॅटो, दही यांपैकी काहीही पॉलिश केलेल्या कडप्प्यावर सांडून राहिले की तिथली चमक जाते आणि पांढुरका डाग कायमचा बसतो, कारण आम्ल दगडच खाते. ग्रॅनाइटवर त्याचा परिणाम होत नाही. कठीणपणाच्या दहा अंकी मोजमापात चुनखडी ३ च्या आसपास बसते, ग्रॅनाइट ६ ते ७. पॉलिश केलेला काळा कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट दुकानात शेजारी उभे असले तर नवख्याला ओळखू येत नाहीत. लिंबाची फोड खिशात न्यावी, तुकड्याच्या कोपऱ्यावर दोन थेंब पिळून दहा मिनिटे थांबावे आणि पुसून तिरके पाहावे. चमक गेली असेल तर तो ग्रॅनाइट नव्हे.

फरशी निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तिच्यावर पाणी ओतावे आणि ते वाळू द्यावे. सगळी फरशी कोरडी झाल्यावरही एखादी रेघ ओलीच राहिली, तर ती रेघ नक्षीची नसून चिरेची आहे. मग नाण्याने ठिकठिकाणी वाजवून पाहावे. अखंड दगड खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द. पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर ती का लावली हे दुकानदाराला विचारावे. काही दगड मुळातच ठिसूळ असतात आणि जाळीच्या जोरावर टिकतात, त्यात सिंकचे भोक पाडताना धोका असतो.

माप आणि पाया

ओट्याचे माप फूट, इंच आणि सूत यांत घेतात. एका इंचाचे आठ सूत. भिंत सरळ आहे असे धरून चालू नये. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला दोन-दोन इंचांचे पोट असते आणि नव्या इमारतीतले कोपरेही गुण्यात म्हणजे काटकोनात असतीलच असे नाही. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. नाही भरले तर जाड पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडून भिंतीला भिडवावेत आणि ओट्याचा पूर्ण साचा तयार करावा. ज्याला पहिल्यांदाच ओटा करायचा आहे त्याने कोपरा काटकोनात असला तरी साचा करावाच. पुठ्ठा कापताना झालेली चूक फुकटात सुधारते.

फरशी भिंतीपासून एक सूत मोकळी ठेवायची. ती फट पुढे डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्सखाली झाकली जाते, म्हणून टाइल्स ओट्यानंतर लावाव्यात. पाया म्हणून कडप्प्याच्या उभ्या लाद्या दोन ते अडीच फुटांवर भिंतीत इंचभर खाच घेऊन सिमेंटने पक्क्या कराव्यात, त्यावर आडवा कडप्पा टाकावा आणि त्याच्यावर ग्रॅनाइट. उभ्या लाद्यांचे माथे एका पातळीत आणण्यासाठी पाण्याची नळी हे सर्वांत खात्रीचे साधन आहे; पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबते. ते दोन दिवस वाळू द्यावेत आणि मगच भार घालावा.

कापणे

२० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला जवळपास पाच किलो भरतो. आठ फूट लांब, दोन फूट रुंद फरशी म्हणजे ऐंशी किलो. ती चार जणांनी उभी धरूनच न्यायची असते. आडवी धरली की स्वतःच्या वजनाने मधोमध तुटते, आणि सिंकचे भोक पाडलेली असेल तर हमखास. भोक पाडलेल्या फरशीला पुढच्या अरुंद पट्टीच्या बाजूने लाकडी दांडा आवळून बांधावा आणि जागेवर बसेपर्यंत सोडू नये.

कापण्यासाठी ११० मिलिमीटरच्या डायमंड ब्लेडचा मार्बल कटर पुरतो. अंगणात वाळू पसरून तिच्यावर फरशी चकचकीत बाजू वर करून टेकवावी, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंना आधार राहतो. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलने खूण केली की कडेचे टवके कमी उडतात. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी शिकंजाने आवळून कटर तिच्या कडेने चालवावा. पहिली चाल जेमतेम एक सूत खोल घ्यायची, मग तीन-चार चालींत आरपार जायचे. एकाच दमात खोल गेले की ब्लेड तापते, कटर मागे झटका देतो आणि कड फुटते. शेवटची चार बोटे कापताना सुटणारा तुकडा दुसऱ्याने खालून धरावा.

सिंकच्या भोकासाठी आधी चारही कोपऱ्यांत गोल भोके पाडावीत आणि मग त्यांना जोडणाऱ्या रेघा कापाव्यात. चौकोनी कोपऱ्यात ताण एका बिंदूवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते; गोल कोपऱ्यात तो वाटला जातो. सिंकच्या पुढे किमान अडीच ते तीन इंचांची पट्टी राहिली पाहिजे. फरशी फुटते ती बहुधा याच पट्टीत, म्हणून तिच्याखाली कडप्प्याचा सलग आधार द्यावा.

ग्रॅनाइट कोरडा कापू नये. त्यात गारगोटी म्हणजे सिलिका भरपूर असते. कोरड्या कापणीत तिची डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक धूळ उडते, ती फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि पुढे सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. भारतात तो कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. कारखान्यात घडवलेल्या क्वार्ट्‌झच्या फरशीत तर सिलिका नव्वद टक्क्यांवर असू शकते. दगड कापणाऱ्या कामगारांचे हाल पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशीवर बंदीच घातली. ती घरी कापायला घेऊच नये. ग्रॅनाइट कापताना एकाने झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून ब्लेडवर सतत पाण्याची धार धरावी. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, चष्मा आणि कानात बोळे हवेत. पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असलेल्या बोर्डावरच मशीन लावावे आणि वायर ओल्यात पडू देऊ नये. सोलापुरात गल्ल्या अरुंद आहेत. शेजारच्या घरात माग चालू असतो, कुठे ओसरीवर बायका विड्या वळत बसलेल्या असतात. त्यांना आधी सांगावे, आणि कापून झाल्यावर खाली साचलेला राडा ओला असतानाच भरून टाकावा. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते.

कडेची गोलाई, म्हणजे मोल्डिंग, मात्र दुकानातूनच करून घ्यावी. ती रनिंग फुटाच्या, म्हणजे कडेच्या लांबीच्या दर फुटामागच्या दराने होते. हाताने करायचीच असेल तर घासायच्या ५० नंबरच्या खरखरीत पॅडपासून सुरुवात करून १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० अशा पायऱ्यांनी, पाणी वापरत घासत जावे लागते. एखादी पायरी गाळली तर ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. नवख्याने एक सुताची साधी तिरपी कड मारावी. ती दिसायला बरी असते आणि पोटाला टोचत नाही. कडेच्या खालच्या बाजूला, आत अर्ध्या इंचावर एक उथळ खाच लांबीभर घ्यायला विसरू नये. ओघळणारे पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकते, कप्प्यात शिरत नाही.

बसवणे

आडव्या कडप्प्यावर पाणी मारून तो भिजवावा. एकास चार प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल पाऊण इंच पसरावा, वर सिमेंटचा रस, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेले सिमेंट ओतावे आणि फरशी टेकवून रबरी हातोडीने ठोकत बसवावी. ठोकताना पोकळ आवाज आला तर फरशी उचलून माल भरावा. पोकळी राहिलेल्या जागी पुढे कधीतरी खलबत्त्याचा घाव बसतो आणि चीर पडते. शेंगाची चटणी कुटणाऱ्या घरात तर हे फार जपावे, आणि खलबत्ता ठेवायची जागा उभ्या लादीच्या बरोबर वर ठरवून घ्यावी.

ओटा धुतला की पाणी सिंककडे गेले पाहिजे. आठ फुटांत दोन-तीन सूत उतार पुरतो. शेगडीखालचा भाग शक्यतो सपाट ठेवावा, नाहीतर तव्यातले तेल एका बाजूला जमते. सांध्यांत फरशीच्या रंगाचे इपॉक्सी भरावे आणि सिंकच्या कडेला सिलिकॉन.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा माल पसरेपर्यंतच त्यातले पाणी उडून जाते, म्हणून काम पहाटे किंवा सूर्य कलल्यावर धरावे. सांध्यांवर आणि उभ्या लाद्यांच्या बुडाशी गोणपाट टाकून ते सात दिवस ओले ठेवावे. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा या भिजवणीचे पाणी आधीच भरून ठेवावे लागते. अर्धवट भिजवून सोडलेला सिमेंटचा सांधा वर्षाच्या आत भुगा होतो.

बोअरच्या जड पाण्याने नळाभोवती पांढरी पुटे धरतात आणि काळ्या ग्रॅनाइटवर ती ठळक दिसतात. ग्रॅनाइटवर ती लिंबाच्या सालीने निघतात. सिमेंटच्या सांध्यावर आणि खालच्या कडप्प्यावर मात्र तो रस जाऊ देऊ नये, पाण्याने लगेच धुवून काढावा. संडास धुण्याचे ॲसिड ओट्याला कधीच लावू नये.

भिजवणीचे सात दिवस संपले की ओटा पुसून त्यावर शेगडी मांडतात. बहुतेक घरी त्या दिवशी पहिले दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. ते उतू गेलेले दूध कुठे वाहते याकडे काम करणाऱ्याचे लक्ष असते, कारण उतार बरोबर निघाला की नाही ते तिथेच दिसते.