गुर्जी, करमत नही

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या इकडे हजेरीपट बघूनच कळतं, कोणाचे मायबाप ऊसतोडीला गेलेत ते. धुळे-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन गुजरातकडच्या नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात, ती परत येतात थेट उन्हाळ्यात, काही पोरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. असाच आजीजवळ राहिलेला चौथीतला एक पोऱ्या, एरवी एकदम गरीब, त्या नोव्हेंबरात अचानक वांड झाला. शेजारच्याची वही फाडली, खिचडीच्या रांगेत एकाला ढकलून दिलं. आणि मी काय केलं तर अंगठे धरून उभा केला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे, मला ते पाठ होतं, तरी केलं, लपवून काय उपयोग.

दोन दिवसांनी तो व्हरांड्यात एकटाच बसलेला दिसला. मी वर्गातली मराठी बाजूला ठेवून अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं रे भो?" बराच वेळ गप्प. मग हळूच, "गुर्जी, करमत नही."

आता यात मेंदूचं काय चाललेलं असतं ते बघा. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका वाटला की आधी हा भोंगा वाजवतो, शरीरात ॲड्रेनलिन, मागोमाग कॉर्टिसॉल ही ताणाची रसायनं वाढतात, छाती धडधडते, पोरगं एकतर मारायला धावतं नाहीतर थिजून जातं. या भोंग्याला "थांब रे, काही नाही झालं" म्हणणारा भाग कपाळामागे असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आणि तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराकडे भोंगा फुल्ल आवाजाचा आणि ब्रेक अर्धवट. अशा वेळी आपण वरून ओरडलो तर भोंगा अजून जोरात वाजतो, आपलं लेक्चर त्याच्या डोक्यात शिरतच नाही. आधी पोरगं शांत होऊ द्यायचं, पाणी द्यायचं, थोडं जवळ बसायचं, समजावणं मग. क्रम उलटा केला की सगळं वाया, हे मी स्वतः करून बघितलंय.

आणि "करमत नही" हे दोन शब्द तोंडातून निघणं हाच अर्धा इलाज असतो. 2007 मध्ये अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला लावला की अमिग्डालाची खळबळ कमी व्हायची आणि कपाळामागचा भाग कामाला लागायचा, पण त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव जुळवायला सांगितलं तर तसं होत नव्हतं. म्हणजे जे होतंय त्याला नाव दिलं की त्याचा जोर थोडा उतरतो.

पण नाव द्यायला शब्द तर पाहिजे ना! आमच्या पोरांना विचारा, सगळ्यावर एकच उत्तर, "टेन्शन आलं" नाहीतर "बोर होतंय". मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट म्हणतात की ज्याला आपल्या भावना बारीक वेगवेगळ्या ओळखता येतात त्याला त्या सांभाळणंही सोपं जातं. आणि आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे, रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, लाजणं आणि ओशाळणं यात तर केवढा फरक, आणि करमत नाही हा शब्द तर अख्ख्या घराचा रिकामेपणा सांगतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात रोज असा एक शब्द लिहितो आणि विचारतो, असं कधी वाटलं होतं. घरची भाषा मात्र चालू द्यायची. "मायनी याद येस" हे पोरगं अहिराणीतच सांगणार, सातपुड्याकडच्या शाळांत भिलोरी नाहीतर पावरीत सांगेल, तिथे मास्तरनेच चार शब्द शिकून घ्यावेत, प्रमाण भाषेत दुरुस्त करत बसलं की पोरगं परत तोंड उघडत नाही.

दुसरी गोष्ट फुकट आहे. क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 10 वर्गांवर प्रयोग केला, शिक्षकांनी दारात उभं राहून प्रत्येकाला नाव घेऊन आत घ्यायचं, काल ज्याचं बिनसलं होतं त्याला एखादा धीराचा शब्द जास्त. मुलांचं अभ्यासात लक्ष असण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या घरात वाढलं, गोंधळही कमी झाला. 10 वर्ग म्हणजे काही फार नाहीत, ब्रह्मवाक्य समजू नका, पण दारात उभं राहायला जातंय काय.

आणि याला बाहेरून कोणी ट्रेनर आणायची गरज नाही. जोसेफ डरलॅक आणि मंडळींनी 2011 मध्ये 213 उपक्रम आणि सुमारे 2 लाख 70 हजार मुलांचा हिशोब एकत्र मांडला, भावना ओळखणं, भांडण मिटवणं वगैरे शिकलेली मुलं अभ्यासातही 11 पर्सेंटाइल पुढे, म्हणजे शंभरात मधोमध उभं असलेलं पोरगं खालून मोजत एकसष्टाव्या जागी. आणि अभ्यासातला हा फरक दिसला तो शाळेतल्याच माणसांनी उपक्रम चालवले तिथेच.

आता कोणी म्हणेल साने गुरुजी आठवा. 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना छात्रालयातल्या पोरांची कामंसुद्धा ते स्वतः करायचे, खरंय. पण प्रत्येक मास्तरला साने गुरुजी व्हा सांगायचं आणि वरून ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, पोषण आहाराचा हिशोब द्या, हे कसं चालेल? कॅनडात 2016 मध्ये दिसलं की ज्या वर्गाचा शिक्षक जास्त थकलेला, त्या वर्गातल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉलही जास्त. आपला वैताग पोरांना लागतो, हे वरच्या साहेबांनी पण वाचावं.

त्या पोऱ्याचं मी फार काही केलं नाही. मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून त्याच्या मायला फोन लावून द्यायचं ठरवलं. उसाच्या फडात रेंज कुठली, तीनदा लागलाच नाही, चौथ्यांदा लागला. मला वाटलं रडेल. तो फोन दोन्ही हातांनी धरून एवढंच म्हणाला, "माय, आपली बकरी व्यायनी."