लॅटिन अक्षरांचा क्रूस

पंडिता रमाबाई इंग्लंडात असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा एका क्रूसावरून खटका उडाला. वाद क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांचा होता. मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, मग संस्कृत का नको? की ब्राह्मणांना संस्कृत पवित्र वाटते तशी तुम्हाला लॅटिन वाटते? बाईंचा सवाल थोडक्यात हा होता.

सवालाची जात जुनी आहे. मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे ज्यू धर्मपंथीय, येशूला विचारतात, तुमचे शिष्य हात न धुता का जेवतात? तो उलट ‘कुर्बान’ची गोष्ट काढतो. जो पैसा देवाला वाहिला असे म्हणायचे, तो म्हाताऱ्या आईबापांवर खर्चायला नको, अशी पळवाट त्या काळी रूढ होती. माणसांच्या परंपरेसाठी तुम्ही देवाची आज्ञा मोडता, असे तो सुनावतो. मराठी पवित्र शास्त्रात इथे परंपरेला ‘संप्रदाय’ म्हटले आहे. वारकऱ्यांच्या मुलखात तो शब्द कानाला जरा वेगळाच लागतो.

पुढे युरोपात शास्त्र मोठे की परंपरा, यावरून चर्च दुभंगले. १५२१ साली जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सांगितले की शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवल्याशिवाय मी शब्द मागे घेणार नाही. १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंना सारख्याच आदराने स्वीकारावे, असे ठरवले. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने आपल्या एकोणचाळीस कलमांत लिहून ठेवले की तारणाला लागणारे सर्व काही शास्त्रात आहे. गंमत अशी, की रमाबाईंना वळण लावू पाहणारा वाँटेजचा मठ याच चर्चचा होता. पण त्यातल्या परंपरेकडे झुकलेल्या गटाचा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी बाईंनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. धर्मग्रंथ पारखण्याची सवय मात्र त्या घरून घेऊन आल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना बाईंना दिसले की हे ग्रंथ एकमेकांशी कशातच जुळत नाहीत. बायका आणि शूद्र यांना मोक्षाची वाट नाकारण्यात तेवढे त्यांचे एकमत. अशी बाई पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धान्त चर्च सांगते म्हणून मुकाट मान्य करील, ही अपेक्षाच भाबडी. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी साफ लिहिले: भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही.

परंपरा तोलणाऱ्या या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बाईंच्या स्वतःच्या रीतीही पडल्या. त्या मांसमच्छी खात नसत, अंडे घातलेले पुडिंगही नको म्हणत. हा जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही, असे सिस्टरना वाटे. माझा गर्व हवा तर पुडिंगात आणि लोण्यातुपात शोधा, अशा टोकदार विनोदाने बाईंनी तो आरोप परतवला. मला यात सिस्टरांचीच बाजू लंगडी दिसते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये.

त्या मानाने कवी नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग, कीर्तन, भजन सोडले नाही. शास्त्राला बाध येत नसेल तर टाळमृदंग चर्चमध्ये का नको, असा त्यांचा बाणा. मराठी मंडळ्यांत आजही त्यांची भजने चालतात.

बाईंना मात्र शास्त्राचा तराजूच स्वतः घडवायचा होता. हाती असलेल्या मराठी भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना खटके. तिच्यातल्या शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या, आणि खेड्यातल्या बाईला ती उमगत नसे. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्ति सदनात बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. शेवटची प्रुफे हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.