मांजरपाट, तुरटी आणि खेकड्याची नांगी

गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ मला चार जणींनी पाठवला. एक बाई हळदीच्या पाण्यातून पिवळाधमक कपडा बाहेर काढते, मूठभर मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर घातलेल्या बादलीत बुचकळते आणि सांगते, "झाला रंग पक्का, आयुष्यभर जाणार नाही!" खाली बदामांचा पाऊस.

हाच उद्योग मी तीन वर्षांपूर्वी करून बसलेय. भिंतीवर लावायला कापड, कागद, जुन्या साडीचे काठ आणि टसरचा धागा असं सगळं एकत्र करून काहीतरी बनवायचं होतं, त्यासाठी मलमल हळदीत रंगवली, मिठात भिजवली आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकली. नागपूरचा एप्रिल. चौथ्या दिवशी पिठल्याच्या रंगाची मलमल ताकाच्या रंगावर आली होती. उरलेला एक तुकडा सावलीत होता, तो मी साबणात टाकला, तर लालसर तपकिरी होऊन निघाला. नागपूरच्या महाल भागात राहणारी माझी आत्या चाळीस वर्षं गोधड्या शिवतेय. तिने तो तुकडा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "मीठ वरणात टाक. कपड्याले कायले टाकतं व?"

रसायनशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. पण आत्याचं बरोबर होतं.

मीठ अगदीच निरुपयोगी नसतं. सुती धाग्यावर पाण्यात थोडा ऋण भार येतो आणि सुतासाठी बाजारात मिळणारे बरेचसे कृत्रिम रंगही ऋणभारितच असतात. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले सोडियमचे धनभारित कण (आयन) मध्ये येऊन ही ढकलाढकल कमी करतात आणि रंग धाग्याजवळ पोचतो. म्हणजे मीठ रंगाला दारापर्यंत आणून सोडतं, दाराला कडी लावणं त्याला येत नाही. रंग बसल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवून मिळते ती फक्त खारट मलमल. व्हिनेगरची गोष्ट आणखी वेगळी. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत, त्यांच्यावर अमिनो गट असतात, ते आम्लात धनभारित होतात आणि काही रंगांना धरून ठेवतात. सुतात अमिनो गटच नाहीत, मग व्हिनेगर बिचारं पकडणार कुणाला?

साबणाने लाल होणं ही हळदीची जुनी खोड. हळदीतलं कुरकुमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं असतं, अल्कली भेटली की लालसर होतं. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू होतं ते यामुळेच. आणि हळदीच्या पाण्यात गुपचूप चुना सोडून "करणीचं रक्त" दाखवणारे भोंदूबाबाही याच एका प्रक्रियेवर जगतात. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला, हे ज्या घरात दर रविवारी दिसतं, त्या घरातली माणसंही बाबासमोर हात जोडतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. असो.

कापसाकडे येऊ. आपल्या गावात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, 1877 साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथेच सुरू केली, एवढं कापसाचं गाव. तरी कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, हे सांगितलं की लोक चमकतात. एक पेशी, लांबी 25 ते 30 मिलिमीटर! ती पेशी वाळली की उरतं ते जवळपास सगळं सेल्युलोज. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी, आणि तिच्यावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट. ही जोडी पाण्याशी पटकन मैत्री करते, म्हणून सुती पंचा घाम टिपतो. वनस्पतींच्या बहुतेक रंगांशी मात्र तिची मैत्री ओळखीपुरतीच. धुतलं की ओळख संपली.

त्यात कोऱ्या मांजरपाटावर मेण असतं, खळ असते. इतवारी बाजारातून आणलेल्या कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, मोत्यासारखा बसून राहतो. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं की पाणी चहासारखं पिवळट होतं आणि मग तोच थेंब टाकताक्षणी पसरतो. ही पायरी गाळणाऱ्यांचा रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मी गाळली होती.

यानंतर रंगाला कडी लावणारी जोडी: हिरडा आणि तुरटी. आता माझा आवडता भाग येतोय. डोक्यावरून जायला लागलं तर दोन परिच्छेद सोडून पुढे या; आत्यासुद्धा इथे उठून चहा ठेवायला गेली होती.

तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातलं ॲल्युमिनियम तीन धन भारांचा आयन होऊन फिरतं. त्याच्याभोवती सहा जागा असतात: वर, खाली आणि चार दिशांना चार. सुरुवातीला या सहाही जागांवर पाण्याचे रेणू बसलेले असतात. पण समोरून असा एखादा रेणू आला, की ज्याच्यावर दोन ऑक्सिजन अगदी शेजारी-शेजारी आहेत, तर तो पाण्याच्या दोन रेणूंना उठवून दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमला धरतो. खेकडा दोन नांग्यांत काडी पकडतो तसा. 1920 साली मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी या पकडीला "चिलेट" हे नाव दिलं ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरूनच. एका नांगीची पकड आणि दोन नांग्यांची पकड यांत नुसता दुपटीचा फरक नसतो. एक नांगी सुटली तरी दुसरीने रेणू तिथेच धरून ठेवलेला असतो, त्यामुळे सुटलेली नांगी पुन्हा बसते. दोन्ही एकाच वेळी सुटणं फार क्वचित. शिवाय दोन नांग्यांचा एक रेणू बसतो तेव्हा पाण्याचे दोन रेणू मोकळे सुटतात, पाण्यात एकूण गोंधळ वाढतो, आणि निसर्गाला गोंधळ आवडतो (एन्ट्रॉपी म्हणतात ती हीच). मंजिष्ठा या वेलीच्या मुळांतल्या परप्युरिनसारख्या रंगद्रव्यांवर असे शेजारचे ऑक्सिजन तयारच असतात.

अडचण एकच. ॲल्युमिनियमला सेल्युलोजही फारसं आवडत नाही. रेशमावर आणि लोकरीवर ते आपण होऊन बसतं, सुतावर बसायला त्याला मध्यस्थ लागतो. हिरड्यातलं टॅनिन हा तो मध्यस्थ. टॅनिनचा रेणू मोठा आणि पसरट, त्याच्यावर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी. काही गटांनी तो सेल्युलोजला बिलगतो, काहींनी ॲल्युमिनियमला धरतो. म्हणजे क्रम असा: सूत, त्यावर टॅनिन, त्यावर ॲल्युमिनियम, त्यावर रंग. हा सगळा गठ्ठा पाण्यात विरघळत नाही आणि तंतूच्या बारीक पोकळ्यांत तयार झालेला असल्यामुळे बाहेर पडायला त्याला वाटही नसते. यात रंगही बदलतो, कारण धातू रंगद्रव्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि कोणता प्रकाश शोषायचा याचं गणित सरकतं. मंजिष्ठेचा काढा भांड्यात नारिंगी-तपकिरी दिसतो. तोच तुरटीच्या कापडावर लाल होतो. धातू बदलून लोखंड ठेवा, काळपट जांभळा. टॅनिन आणि लोखंड दोघंच भेटले तर सरळ काळा. जुन्या काळची लेखणीची शाई याच जोडीची असायची.

चहा झाला. आता करायचं काय ते सांगते.

काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा आणि मंजिष्ठा आणा. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड पुरते. हिरड्याच्या पाण्यातून कापड फिकट पिवळं होऊन निघतं, ते न पिळता वाळवायचं. मग तुरटीचं दाट द्रावण करून त्यात चिंचोक्याची खळ कालवायची, नाहीतर रेघ फुटते. दुसऱ्या वाटीत गंजके खिळे आणि गूळ घालून दोनतीन आठवडे आंबवलेलं पाणी. याचा वास घरच्यांना आवडत नाही, गच्चीवर ठेवा. माझ्या भाचीने ब्रश घेऊन तुरटीच्या खळीने एक वेल काढली. वाळल्यावर कापडावर काहीच दिसेना. "मावशी, हे तर कोरंच आहे," म्हणून ती रुसली. खिळ्यांच्या पाण्याने मात्र तिने देठ ओढला आणि ब्रश टेकल्या-टेकल्या रेघ काळी झाली, तशी ती दचकून मागे सरकली.

चार दिवसांनी ते कापड धुऊन मंजिष्ठेच्या भांड्यात सोडलं. मंद आच, अधूनमधून लाकडी उलथन्याने हलवायचं. दहा मिनिटांत पाण्याखालून वेल उमटायला लागली. आधी गुलाबी, मग विटकरी, मग लाल. भांडं एक, रंग एक, आणि कापडावर लाल पानं व काळे देठ. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी इजिप्तच्या रंगाऱ्यांबद्दल असंच लिहून गेलाय: कापडावर काही दिसत नाही, उकळत्या कढईत घालून काढलं की अनेक रंग, आणि कढईत रंग मात्र एकच. त्याच्याही दोनेक हजार वर्षं आधी मोहेंजोदडोत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी सूत रंगवलेलं होतं. चांदीच्या एका भांड्याला चिकटून त्याचे तुकडे टिकले. त्या रंगाऱ्यांना ॲल्युमिनियम माहीत नव्हतं. हात मात्र बरोबर पायऱ्यांनी चालत होते.

मध्ये "धुऊन" असं मी पटकन म्हणून गेले, ती पायरी आहे मोठी. न चिकटलेली तुरटी कापडात राहिली तर ती भांड्यात उतरून सगळा रंग गढूळ करते. जुने रंगारी यासाठी कापड शेणाच्या कोमट पाण्यातून काढत. हे सांगितलं की लगेच कुणीतरी शेणाचा महिमा सुरू करतं. इंग्लंडच्या छिटांच्या गिरण्यांतही गाईच्या शेणाचे हौद होतेच, आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढलं की काम मुख्यतः त्यातल्या फॉस्फेटचं आहे. फॉस्फेट उरलेल्या ॲल्युमिनियमला जागच्या जागी बसवतं. मग हौदात शेणाऐवजी फॉस्फेटचे क्षार पडू लागले, रंग तसेच आले. मी तर गव्हाचा कोंडा भिजवून वापरते, त्यातही फॉस्फरस भरपूर.

प्रदर्शनांमध्ये अशा कापडांवर "केमिकल-फ्री" अशी चिठ्ठी लटकवतात, तेव्हा माझा हात शिवशिवतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, बारा रेणू पाण्यासकट. मंजिष्ठा केमिकल, हिरडा केमिकल, दुकानदारही केमिकल. आणि नैसर्गिक म्हणजे टिकाऊ हेही खरं नाही. हळदीला तुरटी लावली तर ती धुण्याला थोडी तग धरते, कारण कुरकुमिनलाही दोन नांग्या आहेत. पण त्याचा रेणू उजेडातच मोडतो, आणि मोडलेल्या रेणूला धरून तुरटी काय करणार? मार्चमध्ये रामटेकच्या वाटेवर पळस पेटलेला दिसतो, त्याच्या फुलांचाही पिवळा-नारिंगी सुंदर येतो, उन्हात फार टिकत नाही. मंजिष्ठा मात्र उन्हालाही बऱ्यापैकी पुरून उरते. तिला पाण्यातला कॅल्शियमही मानवतो, ॲल्युमिनियमच्या जोडीला तोही त्या गठ्ठ्यात शिरतो. ज्या बोअरच्या पाण्याने गिझर खराब होतो म्हणून आपण कुरकुरतो, त्यात माझा लाल नळाच्या पाण्यापेक्षा चांगला आला.

कागद आणि कापड एकत्र चिकटवणाऱ्यांसाठी एक इशारा आहे, तो मला नुकसान करून कळला. 1807 साली जर्मनीत मोरित्झ इलिगने कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत काढली. गिरण्यांनी ती उचलली आणि दीडेकशे वर्षांचे कागद आम्लधर्मी झाले, कारण दमट हवेत हीच तुरटी हळूहळू आम्ल देते आणि आम्ल सेल्युलोजची साखळी मधूनच तोडतं. जुनी पुस्तकं पान उलटताना कडाकड मोडतात ती यामुळे. माझ्या पहिल्या वॉल हँगिंगवर मी तुरटीतून काढलेलं, नीट न धुतलेलं कापड जुन्या पंचांगाच्या पानांवर चिकटवलं होतं. पहिल्या पावसाळ्यातच पानांवर तपकिरी कडा आल्या. आता रंगवलेलं कापड दोनतीन पाण्यांतून काढून, शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवते आणि मगच कागदाजवळ नेते.

लोखंडाचा काळा त्याहून लबाड. लोह स्वतः न संपता हवेतल्या ऑक्सिजनला सेल्युलोजवर सोडत राहतं. माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या एका नमुन्यात मी खिळ्यांचं पाणी हौसेने जास्त दाट केलं होतं. परवा भाचीच्या वेलीशी ताडून पाहायला तो पेटीतून काढला, हलकेच ताणला, आणि तो फक्त काळ्या रेघांवरून फाटला, कात्रीने कापावा तसा. बाजूचा लाल धडधाकट.

मी ते तुकडे टाकणार होते. आत्याने काढून घेतले, लाल भाग गोधडीत बसवला आणि काळ्याच्या जागी आजोबांच्या धोतराची पट्टी लावली. भाचीच्या वेलीचे देठ तिने बोटाने दाबून पाहिले आणि विचारलं, "हे किती दिवस टिकन?" खिळ्यांचं पाणी या वेळी पातळ होतं, कोंड्यातून कापड नीट धुतलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि खबरदारी म्हणून देठांच्या दोन्ही बाजूंनी धावदोरा घालून ठेवला.