तबकडी कधीची? लेबल, खाचा आणि पिनकोड

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून रेकॉर्डची पेटी उतरवली, तेव्हा गायिका केसरबाई केरकरांची एकच एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी मोठी तबकडी, दोनदा हाती आली. तोच फोटो, तोच क्रमांक. फरक सापडला कव्हरच्या मागे, अगदी तळाशी. एकीवर कंपनीचा पत्ता ‘कलकत्ता २८’, दुसरीवर ‘कलकत्ता ७०० ०२८’. सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आला. म्हणजे दुसरीचं कव्हर त्यानंतरच छापलेलं. गाणं मात्र दोन्हींवर त्याहून कितीतरी जुनं, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं.

कोल्हापूरकराला हा नाद निव्वळ हौसेचा वाटू नये. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःची एकही रेकॉर्ड बाजारात येऊ दिली नाही. त्यांची गायकी आज आपल्या कानावर येते ती केसरबाईंसारख्या शिष्यांच्या तबकड्यांतून. मग एखादा राग १९४६ च्या आत, खाँसाहेब हयात असताना गायला गेला की नंतर, याला मोल येतं. ते ठरवायचं तर ध्वनिमुद्रण कधी झालं आणि हातातली तबकडी कारखान्यात साच्यात कधी दाबली गेली, या दोन तारखा वेगळ्या धराव्या लागतात.

सुरुवातीला तर ही दोन्ही कामं दोन खंडांत होत. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, पण तबकड्या बनल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते ते म्हणूनच: तिकडच्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावं. या तबकड्या एकाच बाजूने वाजत, पाठीवर लेखणी घेतलेला देवदूत कोरलेला असे. कर्ण्यापुढचा कुत्रा, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ अर्थात एचएमव्हीचं चिन्ह, त्यानंतरचा. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, १९२८ मध्ये डमडमला मोठा.

मधला खरा बदल मायक्रोफोनचा. तोवर गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोर लावून गावं लागे, तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. १९२५ पासून विजेवरचं मुद्रण जगभर पसरू लागलं. त्या काळातल्या एचएमव्हीच्या तबकडीवर, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात, नंबरापाशी कधी इवलासा त्रिकोण दिसतो. ही वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्रणेची खूण. खोलीतला दिवा मालवून बॅटरी तिरपी धरा, म्हणजे कोरलेली अक्षरं उठून दिसतात. हा कड्यातला नंबर ध्वनिमुद्रणाचा, लेबलावरचा क्रमांक विक्रीचा. दोन्ही टिपून ठेवावेत. बरेच जण फक्त लेबलावरचा उतरवून घेतात आणि तिथेच फसतात.

लाख की व्हिनाइल, हे हातात घेताच समजतं. लाखेची तबकडी जड असते आणि पडली की तुकडेच. पण ‘लाखेची म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची’ हा समज सोडून द्यावा. चावीचे ग्रामोफोन खेडोपाडी चालूच होते, त्यामुळे ७८च्या तबकड्या आपल्याकडे फार उशिरापर्यंत निघत राहिल्या. साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा डमडमला ७८वर दाबली गेली.

एलपीचं वाचन वेगळं. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. वर्तुळातल्या ‘पी’पुढचं साल मुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं. तीच एलपी पुढे दहा वर्षांनी पुन्हा दाबली तरी ते साल तसंच राहतं. शिवाय कव्हर आणि तबकडी यांची अदलाबदल घरोघरी झालेली असते, म्हणून नुसत्या पिनकोडवर मी तबकडीचं वय सांगत नाही. आमच्या त्या जोडीतही पिनकोडच्या कव्हरात निघालेली तबकडी हाताला जास्त जड लागली, आणि तिचं लेबल दुसरीपेक्षा जुन्या छपाईचं होतं. कोणी तरी ऐकून झाल्यावर घाईत चुकीच्या कव्हरात घातली असणार.