वाफेच्या इंजिनांचा स्वयंसेवी जीर्णोद्धार (ब्रिटन)

रेल्वेने मोडीत काढलेली वाफेची इंजिने आणि डबे वर्गणी काढून विकत घ्यायचे, सुट्टीच्या दिवशी राबून दुरुस्त करायचे आणि पुन्हा रुळांवर आणायचे, ही ब्रिटनमधील हौशी कार्यकर्त्यांची परंपरा. तिचा आरंभ वेल्समधील टॅलिथ्लिन या नॅरोगेज मार्गावर झाला. स्लेटच्या खाणीसाठी बांधलेल्या या रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले, तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी संस्था स्थापन करून मे १९५१ पासून गाड्या स्वतः चालवायला घेतल्या. त्या वेळी चालू स्थितीत एकच इंजिन होते, १८६६ चे ‘डॉलगॉक’.

चळवळीला खरा कच्चा माल पुरवला तो वेल्समधील बॅरी या बंदराच्या गावातील वुडहॅम बंधूंच्या भंगार आवाराने. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेच्या इंजिनांचा वापर संपवला. इतर भंगारवाल्यांनी इंजिने भराभर कापली. बॅरीच्या आवाराचे मालक डाय वुडहॅम यांनी मात्र तोडायला सोपे मालडबे आधी तोडायला घेतले. त्यामुळे तिथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी तब्बल २१३ वाचली. पैसे जमेपर्यंत ते इंजिन राखूनही ठेवत, आणि याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

इंजिन मिळाले तरी ते बहुधा सांगाडाच असे. पितळी भाग चोरीला गेलेले, खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजलेला. सर्वांत वेळखाऊ आणि खर्चिक काम बॉयलरचे. तो सांगाड्यावरून उतरवून नळ्या काढतात, भट्टीच्या तांब्याच्या किंवा पोलादी भिंती तपासतात, झिजलेले स्टे-बोल्ट (भट्टी आणि बॉयलरच्या भिंती एकमेकींना जोडून धरणारे खिळे) बदलतात. मग आधी पाण्याच्या आणि नंतर वाफेच्या दाबाखाली चाचणी होते. साधारण दहा वर्षांनी हा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

कार्यकर्त्यांच्या चिकाटीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ (क्रमांक ७१०००). १९५४ मध्ये इंग्लंडमधील क्रू या गावच्या रेल्वे कारखान्यात बांधलेले हे तीन सिलिंडरांचे इंजिन आपल्या वर्गातले एकमेव. कोळसा खूप खाते, वाफ पुरेशी धरत नाही, असा त्याचा लौकिक होता आणि आठ वर्षांतच ते सेवेतून गेले. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात मांडण्यासाठी त्याचा एक सिलिंडर काढून घेण्यात आला. १९७४ मध्ये ते बॅरीहून सुटले तेव्हा दोन्ही बाहेरचे सिलिंडर आणि कॅप्रोटी झडपयंत्रणा (सिलिंडरांत वाफ सोडणारी आणि बाहेर काढणारी) गायब होती. जाणकारांनी ते असाध्य ठरवले होते. कार्यकर्त्यांनी हे भाग नव्याने घडवून घेतले, आणि काम करताना भट्टीखालच्या राखपेटीची हवा घेणारी दारे मूळ आराखड्यापेक्षा लहान बनवली गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती दारे दुरुस्त झाली, पुढे धुराड्याची रचनाही सुधारली. १९८६ मध्ये पुन्हा धावू लागलेले हे इंजिन रेल्वेच्या सेवेत असतानापेक्षा सरस निघाले. माझ्या मते जीर्णोद्धाराचे मोल इथे कळते: नुसत्या जतनातून हा दोष कधीच उघड झाला नसता.

कसब टिकवणे मात्र लोखंड टिकवण्याहून अवघड ठरले आहे. निवृत्त फिटर आणि बॉयलर कारागीर तरुणांना शेडमध्ये हाताला धरून शिकवतात, तरी मोठे कारखाने बंद झाल्याची उणीव भासतेच. २००८ मध्ये डार्लिंग्टन येथे पूर्णपणे नवे ‘टॉर्नेडो’ हे वाफेचे इंजिन तयार झाले. त्याचा बॉयलर जर्मनीतील मायनिंगेनच्या कारखान्यातून आणावा लागला.