मीटरवरचा गॅलन, पुस्तकातला पौंड आणि पंपाचा लिटर
(होडीच्या मागे बाहेरून लावायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांच्या मालकांसाठी माहितीपत्रक)

वॉटरस्पोर्ट्‌सचा सीझन सुरू झाला की आमच्या वर्कशॉपात एक तक्रार हमखास येते: इंजिन पेट्रोल जास्त खातंय. विचारलं, किती? तर मीटर दाखवतो ९.५, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ५९, आणि पंपाच्या पावत्यांवरून हिशोब निघतो ताशी ३६ लिटर. मालकाला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. तसं काही नसतं. ताशी ९.५ अमेरिकन गॅलन, ताशी ५९ पौंड आणि ताशी ३६ लिटर हे जवळजवळ एकच माप आहे.

पौंडाचं किलो करणं सोपं

१ पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. हा आकडा १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे देशांनी मिळून कायमचा ठरवला. तो ऊन-पावसाने बदलत नाही. ताशी पौंडाला ०.४५३६ने गुणलं की ताशी किलो मिळतात, उलट जायचं तर किलोला २.२०४६ने गुणा. होडीवर कॅल्क्युलेटर नसेल तर पौंडाचे निम्मे करा आणि त्यातून दहावा हिस्सा वजा करा. ५९चे निम्मे २९.५, त्यातून जवळपास ३ गेले, राहिले साडेसव्वीस. खरा आकडा २६.८, म्हणजे कामापुरतं जमलं.

स्कॅन टूल (इंजिनाच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावलं की काही वेळा सेकंदाला ग्रॅम दिसतात. त्यांना ३.६ने गुणलं की ताशी किलो.

गॅलन दोन आहेत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. फरक वीस टक्क्यांचा. मीटरवर नुसतं ‘जीपीएच’ (ताशी गॅलन) लिहिलेलं असतं, कुठला गॅलन ते मेन्यूत आत शिरल्याशिवाय कळत नाही. मीटर १० दाखवत असेल तर अमेरिकन हिशोबाने ताशी ३७.९ लिटर, ब्रिटिश हिशोबाने ४५.५. तासाला साडेसात लिटरचा फरक पडला की मालक थेट तांडेलावर, म्हणजे होडी चालवणाऱ्यावर, संशय घेतो. आधी सेटिंग बघा. आमचं म्हणणं असं की मीटर एकदाच लिटरवर करून टाकावा आणि गॅलनचं नावच सोडावं.

लिटरचं किलो करताना मात्र थांबा

इथे कायमचा आकडा नाही. मध्ये पेट्रोलची घनता येते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे १५ अंश सेल्सिअसला ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलो असू शकते, म्हणजे लिटरला ०.७२ ते ०.७७५ किलो. पंपावर घनता लिहिलेली असते, ती बघा आणि हजाराने भागा. काहीच ठाऊक नसेल तर आम्ही ०.७४ धरतो. त्या हिशोबाने अमेरिकन गॅलनभर पेट्रोल २.८ किलो (६.१८ पौंड) भरतं आणि ब्रिटिश गॅलनभर ३.३६ किलो (७.४२ पौंड).

पंपावरची घनता १५ अंशांची असते आणि गोव्यात १५ अंश कुठले! मे महिन्यात कांपालच्या काठावर उन्हात ठेवलेल्या कॅनमधलं पेट्रोल ३५ अंशांवर सहज जातं. वीस अंशांच्या वाढीला ते साधारण अडीच टक्के फुगतं. २८ किलो पेट्रोल १५ अंशांना ३७.८ लिटर भरतं, तेच ३५ अंशांना ३८.८ लिटर. इंजिन चालतं वजनावर, तापल्याने वाढलेल्या लिटरवर नाही. कॅन सावलीत ठेवा, हे केवळ हिशोबासाठी नव्हे.

लिटरच्या वजनाचा आकडा कुठल्या एककात आहे ते न पाहिल्यास काय होतं, याचा दाखला विमानाचा आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७मध्ये इंधन भरताना लिटरला १.७७ हा आकडा वापरला गेला. तो पौंडांचा होता, धरला किलोचा. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्यापेक्षाही कमी घेऊन विमान उडालं आणि वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं म्हणून सगळे वाचले. आपल्या होडीला अग्वादच्या पुढे धावपट्टी नाही.

इथेनॉलचं पेट्रोल

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणून मिश्रण थोडं जड होतं, पण किलोमागे ऊर्जा इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश. तेवढ्याच वेगासाठी ताशी किलो वाढणारच, आणि जुन्या पुस्तकातल्या ५९शी ते जुळणार नाहीत. हा इंजिनाचा दोष नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत किंवा पावसाळाभर होडी बंद राहणार असेल तर टाकी तशीच अर्धी ठेवू नका.

इंजेक्टर बदलताना

इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) खोक्यावर ‘३० पौंड ताशी’ असं लिहिलेलं असतं, दुकानदार सांगतो मिनिटाला ३१५ सीसी (घन सेंटिमीटर). दुकानदार १०.५ने गुणतो, त्यात ०.७२ घनता गृहीत धरलेली आहे. ०.७४ धरली तर ३०६ सीसी येतात. त्याहून महत्त्वाचा पेट्रोलचा दाब: हा आकडा बहुधा ३ बारचा, म्हणजे ४३.५ पीएसआयचा असतो. दाब न लिहिलेला इंजेक्टर घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी.

आपला आकडा बरोबर आहे का?

फोरस्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला साधारण अश्वशक्तीमागे ताशी अर्धा पौंड घेतं. १०० अश्वशक्तीला ५० पौंड, म्हणजे २२.७ किलो, म्हणजे ३०.६ लिटर. तुमचा आकडा याच्या दीडपट निघाला तर पहिल्यांदा एककं तपासा, मग प्रोपेलर आणि बुडाला चिकटलेली कालवं, आणि त्यानंतर इंजिन.

पक्कं मोजायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरा, एकाच आरपीएमवर तासभर चालवा, होडीचा कल पहिल्या वेळेसारखाच ठेवून पुन्हा गळ्यापर्यंत भरा आणि किती लिटर लागले ते लिहा. आम्हाला कळवताना लिटर, आरपीएम, होडीत माणसं किती होती आणि पंपावरची घनता एवढं पाठवा. किलो-पौंडाचं आम्ही बघून घेऊ.